चर्चेत बोलण्याआधी 'मी कुठून बोलते' ते कसं सांगावं

कोकणात आमच्याकडे वाडीत नवं माणूस शिरलं की पायरीवर बसलेली म्हातारी आधी विचारते, "खंयची गो तू? कोणाची?" उत्तर मिळालं की मग पाण्याचा तांब्या येतो आणि पुढचं बोलणं सुरू होतं. रत्नागिरीकडे शब्द बदलतात, प्रश्न तोच राहतो. पण हीच माणसं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली की हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि कुणी आपणहून उत्तरही देत नाही. एक नंबर, गणपतीचा फोटो आणि त्याखाली रस्ता, खाण, मासेमारी, देवराई अशा विषयांवर ठाम मत. बोलणारा गावात राहतो की नालासोपाऱ्यात, त्याची तिथे जमीन आहे की नाही, निर्णय उलटा लागला तर त्याचं काय जाणार आहे, काहीच कळत नाही. मग मुद्दा बाजूला पडतो आणि हेतूंवर भांडण होतं.

हे मी अनुभवाने सांगते. सहा वर्षांपूर्वी आमच्या गावात रस्ता रुंद करायचं ठरत होतं आणि नवी आखणी देवाच्या राईच्या कडेने जात होती. मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. राईतल्या झऱ्यावर खालच्या वाडीचं पाणी चालतं, सातवीण आणि किंजळीची ती झाडं पुन्हा उभी राहायला दोन पिढ्या लागतील, पलीकडच्या कातळावरून रस्ता नेता येईल. एकही शब्द खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी नात्यातल्याच एका मुलाने एक ओळ टाकली: "काकी, रस्तो तुमच्या कलमांतसून जाता, ता पण सांगा मां."

ते खरं होतं. त्या आखणीत आमची आंब्याची सात कलमं जाणार होती. माझा विरोध कलमांसाठी नव्हता, पण हे आता कुणाला पटणार? त्या ओळीनंतर झऱ्याबद्दल कुणी बोललंच नाही, सगळं बोलणं आमच्या सात झाडांभोवती फिरत राहिलं. रस्ता झाला आणि राईची एक कड गेली. मी पहिल्याच वाक्यात "आमची सात कलमं यात जातात, ती धरूनच माझं म्हणणं ऐका" असं लिहिलं असतं तर रस्ता वळला असता असा माझा दावा नाही. पण झऱ्यावर चर्चा झाली असती. तेव्हापासून मी कुठल्याही वादाच्या विषयात तोंड उघडण्याआधी एक काम करते. ते कसं करायचं, हेच इथे पायरीपायरीने लिहिते आहे.

आपल्याकडे याची रीत आहे

गाऱ्हाणं आठवा. देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस मागणं एकदम पुढे ठेवत नाही. "बा देवा म्हाराजा" म्हणून तो आधी देवांना हाक मारतो, मग कुठल्या घरातली, कुठल्या वाडीतली लेकरं दारात उभी आहेत आणि कशासाठी आली आहेत ते सांगतो, आणि शेवटी मागणं मागतो. प्रत्येक टप्प्यावर मागचे "होय म्हाराजा" म्हणतात. त्या "होय म्हाराजा"कडे नीट बघा. जमलेल्यांनी बोलणाऱ्याची ओळख आणि कारण मान्य केल्यावरच गाऱ्हाणं पुढे सरकतं.

वादविवादातही हे दिसतं. विष्णुबोवा ब्रह्मचारी हे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या शिरवलीचे, जन्म १८२५ चा. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. ऐकायला जमलेल्यांना एक गोष्ट आधीपासून ठाऊक होती. बोवा वेद प्रमाण मानून बोलतात, समोरचे बायबल प्रमाण मानून. कोण कुठल्या जमिनीवर उभा आहे हे उघड असल्यामुळे युक्तिवाद कुठे बसतो आणि कुठे निसटतो, ते ऐकणाऱ्याला तपासता येतं.

पहिली पायरी: आधी स्वतःच्या वहीत

हे कुणालाही पाठवायचं नाही. विषय डोळ्यासमोर ठेवून वहीत पाच गोष्टी लिहा: जमीन, पोट, मत, नाती, श्रद्धा.

जमिनीचं लिहिताना सातबारा काढून बघा, नुसत्या आठवणीवर जाऊ नका. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-तीस हिस्सेदारांची नावं असतात, आणि मुंबईला वाढलेल्या कित्येकांना आपलं नाव कुठल्या सर्व्हे नंबरवर आहे हेच माहीत नसतं. तुम्ही प्रकल्पाच्या बाजूने बोलता आणि त्याच जागेच्या सामायिक खात्यात तुमचं नाव निघतं, अशी वेळ येऊ देऊ नका. उलटही घडतं. माणूस "आमची जमीन" म्हणून लढतो आणि कागदावर त्याचं काहीच नसतं.

जमिनीबरोबर तिचा इतिहासही येतो, आणि या भागात तो फार जवळचा आहे. खोती म्हणजे खोताने गावाचा सारा गोळा करायची आणि कुळांवर हक्क चालवायची पद्धत; ती १९४९ च्या कायद्याने गेली. त्याआधी अलिबागजवळच्या चरीत शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप करून जमीन कसली नव्हती, आणि १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली गोष्ट आहे. खोताच्या घरातला नातू जेव्हा लिहितो, "पूर्वी गाव कसा एकोप्याने राहायचा", तेव्हा कुळाच्या घरातल्या नातीला त्या एकोप्यातली वेठ आठवते. दोघंही आपापल्या घरात ऐकलेलं खरंच सांगत असतात. आपण कुठल्या घरातून आलो हे आधी वहीत लिहिलं की "पूर्वी" हा शब्द लिहिताना हात जरा थांबतो. आमचं माहेर खोतांचं. मी तो शब्द आता फार जपून वापरते.

पोट म्हणजे घर कशावर चालतं: आंबा, मासळी, पर्यटकांच्या खोल्या, शाळेतला पगार, मुंबईहून येणारे पैसे. मत म्हणजे मतदारयादीत नाव कुठे आहे. नाती म्हणजे ठेकेदार, सरपंच, कंपनीतला अधिकारी, आंदोलनातला पुढारी यांपैकी कुणी तुमचा भाऊ-मेव्हणा आहे का. श्रद्धेचं पुढे सविस्तर येईल.

दुसरी पायरी: विषयाला लागेल तेवढंच वेगळं काढा

वहीतलं सगळं सांगायला लागलात तर आत्मचरित्र होईल. स्वतःला एकच प्रश्न विचारा. ही गोष्ट उद्या दुसऱ्या कुणी उघड केली, तर माझ्या बोलण्याचं वजन बदलेल का? बदलणार असेल तर ती आजच आपल्या तोंडून सांगा, नाहीतर वहीतच राहू द्या.

मासेमारीचा विषय घ्या, म्हणजे नेमकेपणा का लागतो ते कळेल. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीन, म्हणजे माशांचा थवा घेरून पकडणाऱ्या जाळ्यांवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी केली, आणि यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्र बंद असतो. यातल्या प्रत्येक गोष्टीवर किनाऱ्यावर वाद आहेत. अशा चर्चेत "मी मच्छीमार आहे" एवढं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणकार एक बोलेल, गिलनेटवाला दुसरं, ट्रॉलरवाला तिसरं आणि पर्ससीनवाला चौथं, कारण त्यांचे मासे, त्यांचं पाणी आणि त्यांचा खर्च निरनिराळा. खलाशी वाट्यावर आहे की पगारावर, यानेसुद्धा त्याचं मत बदलतं. बाजारात पाटी घेऊन बसणारी बाई यात कुणाच्याच बाजूची नसते. तिला सकाळी मासळी मिळाली पाहिजे. म्हणून असं लिहा: "आमची रापण आहे, बांगडा आणि तारली किनाऱ्याला लागली तरच आम्हाला मिळते. माझ्या मामाची मात्र पर्ससीनमध्ये भागी आहे." या दोन वाक्यांनी पुढची पन्नास वाक्यं लिहायची वाचतात.

तिसरी पायरी: श्रद्धा, मत आणि माहिती वेगवेगळी मांडा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एकाच वाक्यात तिन्ही मिसळली की समोरच्याने त्यातल्या कशाला उत्तर द्यायचं हेच त्याला कळत नाही.

"राईत राखणदार आहे, झाड तोडलं तर गावाला भोगावं लागेल" ही श्रद्धा. "राई तोडू नये" हे मत. "राईतल्या झऱ्याला मे महिन्यातही पाणी असतं" ही माहिती, ती जाऊन बघता येते. तिन्ही सांगण्यात काही गैर नाही. मी स्वतः राईत जाताना चप्पल काढते आणि ते लपवत नाही. पण लिहिताना "माझी श्रद्धा अशी आहे" असं लिहिते, "आपल्या सगळ्यांची श्रद्धा आहे" असं नाही. गावात बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, देव न मानणारे आहेत. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पाण्याचा मुद्दा त्यांनाही माझ्याइतकाच लागू आहे, आणि श्रद्धा वेगळी काढून ठेवली की त्यावर आम्ही सगळे एकत्र बोलू शकतो.

न मानणाऱ्यांनीही आपलं न मानणं तितक्याच साधेपणाने सांगावं. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला गावपळण होते. देवाचा कौल झाला की सगळा गाव घरं बंद करून गुराढोरांसह वेशीबाहेर राहायला जातो. त्याच्यावर कुणी नुसतं "अंधश्रद्धा आहे" म्हणून गेलं की चर्चा तिथेच मिटते. त्याच माणसाने "मी कौल मानत नाही, आमच्या घरात मानतात. मला काळजी आजारी माणसांची आणि लहान मुलांची वाटते, त्यांची सोय कशी करता?" असं विचारलं तर माणसं उत्तर देतात. बरेचदा ते उत्तर ऐकण्यासारखं असतं.

माहितीच्या बाबतीत आणखी एक सांगते, कारण हे रोज बघते. ती आपल्यापर्यंत कशी आली तेही सांगावं. पश्चिम घाटाचा विषय निघाला की प्रत्येकजण "गाडगीळ अहवालात आहे" म्हणतो. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांच्या गटाचा २०१३ चा, आणि दोघांच्या शिफारशींत मोठा फरक आहे. तुम्ही यातला कुठला वाचला? पूर्ण वाचला, की पेपरातली बातमी वाचली, की भाषणात ऐकला? "मी वाचलेला नाही, ऐकलं ते सांगतो" असं म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास वाढतो.

चौथी पायरी: तीन-चार वाक्यांत लिहा

परिचय आणि मुद्दा एकाच संदेशात असू द्या. दोन केले तर मुद्दाच पुढे पाठवला जातो आणि परिचय मागे राहतो. साधारण असं लिहावं.

गावात राहणारा बागायतदार: "मी वरच्या वाडीतला. दीडशे कलमं आहेत, घर त्यावरच चालतं. रस्ता झाला तर पेट्या वेळेवर बाजारात जातील, म्हणून मला रस्ता हवाच आहे. राई तोडायला मात्र विरोध आहे, आमचं पाणी तिथलं."

मुंबईकर: "माझं घर गावात, मत विरारला. शिमगा आणि गणपतीलाच येणं होतं, त्यामुळे पाण्याचे हाल मी रोज भोगत नाही. जे भोगतात त्यांनी आधी सांगावं. योजनेचा हिशेब तपासायचा असेल तर मी तेच काम करतो, मदत करेन."

बाहेरून येऊन राहिलेलं कुटुंब: "आम्ही मूळचे पुण्याचे, चार वर्षांपूर्वी इथे घर घेतलं. दोन खोल्या पर्यटकांना देतो. किनाऱ्यावर गर्दी वाढली तर आमचा फायदा आहे, हे धरून आमचं ऐका."

या नमुन्यांत कुणी "मी तर काय, सामान्य माणूस" म्हणत नाही आणि कुणी पदव्याही मोजत नाही. पदवी विषयाशी जोडलेली असेल तरच सांगावी. भूजलाचा अभ्यास केलेल्या मुलीने झऱ्याच्या चर्चेत तो सांगायलाच हवा. तीच मुलगी देवळाच्या मानपानावर बोलत असेल तेव्हा त्याचा काही उपयोग नाही.

बायकांसाठी एक वेगळं सांगायचं आहे. "कोणाची?" या प्रश्नाला आम्ही आधी बापाचं आणि मग नवऱ्याचं नाव देत आलो. चर्चेत ते पुरत नाही. "अमक्याची सून" या ओळखीत माझं मत कुणाला दिसत नाही. मी आता असं लिहिते: "सासर इथलं, माहेर राजापूर तालुक्यातलं. वीस वर्षं डोंबिवलीत राहून परत आले. आंब्याचा हिशेब मी ठेवते." शेवटचं वाक्य पहिल्यांदा लिहिताना मला फार विचार करावा लागला होता. आता तेच वाक्य वाचून कलमांच्या विम्याबद्दल विचारायला बायका मला फोन करतात.

काय सांगू नये, आणि कुणी आधी सांगावं

"खंयची?" हा प्रश्न सगळ्यांना सारखा लागत नाही. आपल्या गावांत वाडीचं नाव सांगितलं की जात कळते, आडनावाने तर कळतेच. माझ्यासारखीला तो प्रश्न आपुलकीचा वाटतो. ज्यांच्या आई-बापांना तोच प्रश्न विचारून ओटीच्या खाली बसवलं गेलं, त्यांना तो तसा कसा वाटेल? महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला, तो याच कोकणात. म्हणून माझा आग्रह आहे की ओळख दुसऱ्याकडून मागू नये, आपली द्यावी. आणि ज्यांचं गावात वजन आहे त्यांनी आधी द्यावी: जमीनवाल्यांनी, मानकऱ्यांनी, पदावर असलेल्यांनी. बाकीच्यांनी जितकं सांगावंसं वाटेल तितकंच सांगावं. कुणी काहीच सांगितलं नाही तर नुसता मुद्दा वाचून उत्तर द्या. "आधी तू कोण ते सांग" असं ग्रुपवर लिहू नका.

जात, पक्ष, आजारपण आणि घरातले तंटे सांगण्याची सहसा गरज पडत नाही. दुसऱ्याचं तर कधीच सांगू नका. मामाची भागी सांगायची असेल तर आधी मामाला विचारा. सातबारा, आधार, घराच्या दाराचा फोटो यांतलं काही पुरावा म्हणून टाकू नका. ग्रुपवरचा संदेश उचलून कुठेही जातो, आणि ज्याला तुमच्यावर राग आहे त्याच्या हातीही पडतो. एकट्या राहणाऱ्या बायकांनी वाडीचं नावसुद्धा टाळलं तरी चालेल. "खाडीच्या बाजूला राहते" एवढं पुरे.

ग्रामसभेत आणि जनसुनावणीत

फोनवरची चर्चा शेवटी इथे येते, म्हणून थोडक्यात. गावच्या मतदारयादीत नाव असलेलेच ग्रामसभेचे सदस्य असतात. मत मुंबईला असेल तर ठरावावर हात वर करू नका. आपलं म्हणणं गावातल्या कुणाला तरी लेखी देऊन ठेवा, आणि त्यात मत कुठे आहे ते स्पष्ट लिहा. मोठ्या प्रकल्पाची पर्यावरणीय जनसुनावणी वेगळी असते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तिची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते, गणपूर्तीची अट नसते, कामकाजाचं चित्रीकरण होतं आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवतात. तिथे नाव, गाव आणि प्रकल्पाशी असलेला संबंध पहिल्याच वाक्यात स्वच्छ सांगा, म्हणजे इतिवृत्तात तो तुमच्या मुद्द्यासकट येतो. आणि गोषवारा वाचून होईपर्यंत थांबा. तुमचं म्हणणं चुकीचं उतरलं असेल तर ते तिथल्या तिथे सांगता येतं.

सांगितल्यावर काय होतं

काहीजण तुमचीच ओळख तुमच्यावर उलटवतील. "तुका काय, तू मुंबईत ऱ्हवतंस." त्यावर चिडू नका, कारण तुम्ही तेच आधी सांगितलं आहे. "होय, मी तिथे राहतो. आता झऱ्याचं बोलू या" इतकंच लिहा आणि विषयावर या. दोनदा असं केलं की तिसऱ्यांदा कुणी तो धागा ओढत नाही.

ओळखीचा आधार घेऊन वाद जिंकायला मात्र जाऊ नका. "मी इथला, म्हणून माझंच खरं" या वाक्यापुढे बाहेरच्याला काही बोलताच येत नाही. इथे जन्मलेल्या माणसालाही झऱ्याचं पाणी मोजूनच सांगावं लागतं.

परिस्थिती बदलली की ओळखही बदलून सांगायला हवी. जमीन विकली, मुलगा कंपनीत लागला, मत गावात आणलं, की पुढच्या चर्चेत ते पहिल्या वाक्यात आलं पाहिजे. गेल्या वर्षी नळपाणी योजनेची टाकी कुठे बांधायची यावर ग्रुपवर बोलणं सुरू झालं. मी लिहिलं: "टाकीच्या जागेला लागून आमची पाच कलमं आहेत, ती जाऊ शकतात. माझ्या मते टाकी तिथेच व्हावी, उतार तिथूनच मिळतो." थोड्या वेळाने त्याच मुलाने, ज्याने तेव्हा ती ओळ टाकली होती, उत्तर दिलं, "काकी, उतार मोजलो काय कोणी?" कुणी मोजला नव्हता. रविवारी आम्ही दोघं आणखी तिघांना घेऊन पाण्याची नळी लावून उतार मोजायला गेलो.